दंगलीचा दुसरा दिवस कुणाचा?

मागच्या अंकात मुंबईतल्या जुन्या दंगलींवर एक पान छापलं होतं. त्यात कुत्र्यांवरून झालेल्या दंगलीची एक चौकट होती, आणि १९९२-९३ चं सगळं दोन परिच्छेदात उरकलेलं. "उरकलेलं" हे मेल करणाऱ्यांनीच ऐकवलंय, आणि बरोबरच आहे ते. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला. पत्रं कापून लहान केलीत, राग नसावा.

प्रश्न: ताई, ती कुत्र्यांची दंगल खरंच झाली होती का? की जागा भरायला काहीतरी?
– एक वाचक, गिरगाव

खरंच झाली होती हो. जून १८३२, ठिकाण फोर्ट. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायचा सरकारी हुकूम होता आणि एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. आठ आणे तेव्हा काही कमी नव्हते, त्यामुळे पकडणारे भटकं कुठलं आणि पाळलेलं कुठलं हे बघत बसायचेच नाहीत. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान, माणूस गेल्यावरच्या विधीतसुद्धा कुत्र्याची नजर पडावी लागते, त्यात तो दिवस निघाला त्यांच्या सणाचा. मग ६ जूनला जमावाने दोन गोऱ्या पोलिसांना चांगलंच बडवलं, दुसऱ्या दिवशी बाजार बंद, हिंदू-जैन-मुसलमान दुकानदारपण सामील, आणि कुलाब्याच्या छावणीत जाणारं खाणंपिणं अडवलं. म्हणजे निम्मी दंगल आणि निम्मा संपच म्हणा. शेवटी सैन्य आणून मोडलं. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि इतर शेठ मंडळींनी भुलेश्वरला पांजरापोळ, म्हणजे मोकाट जनावरं सांभाळायची जागा, काढली, ती अजून आहे, जाऊन बघा.

कुत्रं हे निमित्त. सरकारचा माणूस दारात येतो आणि आपलं काहीतरी ओढून नेतो, खरा राग त्याचा. हाच राग प्लेगात परत दिसतो. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला, मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात विणकर जुलाहे रस्त्यावर आले ते प्लेगचे सरकारी लोक एका आजारी मुलीला घरातून न्यायला आले म्हणून. रोग खरा होता आणि हॉस्पिटलही गरजेचं होतं, पण घरात शिरायची ती पद्धत लोकांना सहन झाली नाही.

प्रश्न: इंग्रजांच्या आधी सगळे गुण्यागोविंदाने राहायचे, भांडणं त्यांनी लावली. हे तुम्ही स्पष्ट का लिहीत नाही?
– एक ज्येष्ठ वाचक, दादर

काका, अर्धं मान्य. फोडा आणि झोडा होतंच. पण मुंबईचा हिशोब बघितला तर सुरुवातीच्या मोठ्या दंगली हिंदू-मुसलमान नव्हत्याच. १८५१ ची पारशी-मुसलमान, एका पारशी गुजराती मासिकात पैगंबरांचं चित्र छापलं म्हणून. १८७४ ची परत पारशी-मुसलमान, या वेळी पुस्तकावरून. त्यात पोलीस बघत बसले ही पारशांची तक्रार, आणि गव्हर्नरने त्यांना काय सांगितलं तर स्वतःचं रक्षण स्वतः करायला शिका. वाक्य ओळखीचं वाटतंय ना? नुसती भांडणं लावण्यापेक्षा हे वेगळं आहे, हात झटकणं आहे, आणि ते गोऱ्यांबरोबर बोटीत बसून गेलं नाही.

हिंदू-मुसलमान पहिली मोठी दंगल ११ ऑगस्ट १८९३ ची. शुक्रवार होता, दुपारची नमाज संपली आणि जुम्मा मशिदीतून बाहेर पडलेला जमाव जवळच्या हनुमान गल्लीतल्या देवळाकडे वळला. पण आदल्या काही आठवड्यांत गुजरातेत काठियावाडातल्या प्रभासपाटणला दंगल झाली होती, तिच्या बातम्या, सभा, वर्गण्या इथे सुरू होत्या, गोरक्षणाच्या चळवळीवरून दोन्हीकडे डोकी तापलेली. नंतर गिरणगावातले हिंदू कामगार उतरले आणि पाऊणशेच्या आसपास माणसं गेली. म्हणजे भांडण प्रभासपाटणचं आणि मेले ते मुंबईचे. पुढे शंभर वर्षांनी अयोध्येचं भांडण मुंबईत आलं तेव्हा रस्ते बरेचसे तेच होते.

प्रश्न: बेकारी आणि गरिबी हेच मूळ कारण ना? पोटाला मिळालं की कोण दगड मारतं?
– एक वाचक, भांडुप

नुसतं तसं असतं तर या शहरात रोजच दंगल झाली असती. पोटाचा संबंध असतो पण जरा वाकडातिकडा असतो. १९२८ ला गिरण्यांचा सहा महिने संप झाला, पाठोपाठ तेल कंपन्यांमध्ये संप, तिथे संप फोडायला पठाण आणले. पठाण आधीच व्याजाने पैसे देणारे, वसुलीला दंडुका घेऊन चाळीत येणारे, म्हणजे कामगाराच्या डोक्यात दोन दोन राग. मग फेब्रुवारी १९२९ मध्ये अफवा उठली की पठाण मुलं पळवतायत. झालं. आधी पठाणांना गाठून मारलं, ते उलटले, आणि बघता बघता सगळं हिंदू-मुसलमान होऊन बसलं, शंभराहून जास्त जीव गेले. सुरुवातीचं भांडण मजुरीचं आणि व्याजाचं होतं हे चौथ्या दिवशी कुणाला आठवतही नव्हतं.

आणि जानेवारी १९९३ मध्ये काय फक्त उपाशी लोक होते का? लिफ्टवाल्या इमारतींच्या खालच्या नावांच्या पाट्या काढून ठेवल्या होत्या लोकांनी, कारण जमाव पाट्या वाचून वर यायचा. दुकानं फुटली त्यातला माल उचलून नेणारे सगळे काही झोपडपट्टीतून आले नव्हते, हे तेव्हा मुंबईत असलेल्या कुणालाही विचारा. गिरण्या बंद पडून बेकार झालेली पोरं नाक्यावर होती हे खरंच, १९८२ च्या संपाने लाखो घरं बसली. पण पोरं नाक्यावर असणं आणि त्यांना कुणीतरी पत्ता देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न: हे सगळं आता व्हॉट्सॲपमुळे वाढलंय असं वाटतं. पूर्वी अफवा इतक्या कुठे पसरायच्या?
– कॉलेजमधली एक मुलगी, मीरा रोड

अगं, वरचं १९२९ चं वाच. मुलं पळवणारी टोळी हीच अफवा, तेव्हा फोनसुद्धा मोजक्या घरात, तरी पसरली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना गावाने ठेचून मारलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, तेव्हा तीच अफवा व्हॉट्सॲपवरून आली होती. जवळजवळ नव्वद वर्षांत मजकूर बदलायचीही गरज पडली नाही. जानेवारी ९३ ला दादरला समुद्रातून हत्यारबंद लोक उतरणार अशी आवई होती आणि शिकलेसवरलेले लोक किनाऱ्यावर पहारा देत बसले. फोनमुळे फरक पडला तो वेगाचा. पोलिसांच्या हातात पूर्वी एक रात्र असायची, आता तास-दोन तास. परदेशातही हेच, २०२४ ला इंग्लंडमध्ये साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला, खुनी कोण यावर खोटी माहिती फिरली आणि कितीतरी शहरांत दंगली उसळल्या.

प्रश्न: मी तेव्हा शाळेत होतो. डिसेंबरमध्ये एकदा पेटलं, विझलं, शाळापण सुरू झाल्या. मग जानेवारीत परत का? घरात या विषयावर कुणी बोलत नाही.
– एक वाचक, जोगेश्वरी

तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, मागच्या अंकात आम्ही नेमका हाच सोडला होता.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी पडली. त्याच रात्री मुंबईत मुसलमान वस्त्यांमधून जमाव बाहेर पडले, दगडफेक, बसेस, पोलीस चौक्या. दंगलीच्या चौकशीला नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण आयोगाने हा भाग बराचसा उत्स्फूर्त आणि बिननेत्याचा मानला, आणि पोलिसांनी तो चुकीचा हाताळला असंही म्हटलं. त्याच दिवशी धारावीत मशीद पडल्याच्या आनंदात सायकल रॅलीही निघाली होती. १० डिसेंबरपर्यंत हे चाललं, मरणाऱ्यांमध्ये पोलिसांच्या गोळीने गेलेले पुष्कळ.

आता ११ डिसेंबर ते ५ जानेवारी हा काळ बघा. वरवर शांत. पण २६ डिसेंबरपासून रस्त्यावर महाआरत्या सुरू झाल्या, संपल्यावर घरी जाणारा जमाव वाटेतली दुकानं बघत जायचा. अधूनमधून भोसकाभोसकी. ५ जानेवारीला डोंगरीत माथाडी कामगारांचे खून झाले, ७ जानेवारीची मध्यरात्र उलटल्यावर तुमच्याच जोगेश्वरीत राधाबाई चाळीत खोलीला बाहेरून कडी घालून आग लावली, त्यात हिंदू कुटुंबातली माणसं जळून गेली. आणि मग पुढचे दहा-बारा दिवस मुसलमानांची घरं आणि दुकानं वेचून वेचून. जानेवारीच्या या हिंसेची जबाबदारी आयोगाने मुख्यतः शिवसेनेवर आणि बाळासाहेब ठाकरे यांच्यावर ठेवली, ३१ पोलिसांवर ठपका ठेवला, आणि शिवसेना-भाजप युती सरकारने १९९८ मध्ये अहवाल हिंदूविरोधी म्हणून बाजूला सारला. दोन्ही टप्पे मिळून मेलेले ९००, त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकी काहींची ओळखच पटली नाही. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत आणखी २५७. मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक तोवर पदावरून गेलेले, त्यांच्या जागी शरद पवार दिल्लीहून आलेले.

माझं मत विचाराल तर दंगलीचा पहिला दिवस कुणाचाही असू शकतो. माथेफिरूचा, अफवेचा, दोन पोरांच्या भांडणाचा. दुसरा दिवस मात्र सरकारचाच. पोलीस हातात असताना, सैन्य बोलावलेलं असताना (आणि ते बहुतेक नुसतं संचलन करत फिरवलेलं) ज्या शहरात दंगल दहा-बारा दिवस चालते तिथे ती कुणालातरी चालू द्यायची असते. इथे तर तयारीला मध्ये जवळजवळ महिनाभर मिळाला. घरात कुणी बोलत नाही त्याचं कारण बहुतेक हेच असणार की सगळ्यांना शेजारचं कोण त्यात होतं ते माहितीये.

प्रश्न: मग थांबवता येते याचा एक तरी पुरावा द्या. सगळे नुसते कमिट्या करा म्हणतात.
– एक निवृत्त हवालदार, ठाणे

साहेब, तुमच्या शेजारचंच गाव, भिवंडी. मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून पेटली, न्या. मादन यांचा आयोग बसला. १९८४ ला परत, तेव्हा मुंबईपर्यंत आग आली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. अशी भिवंडी डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये शांत राहिली. हीच भिवंडी, तेच यंत्रमाग, तीच मिश्र वस्ती.

मध्ये काय झालं तर सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त तिथे १९८८ ला आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. त्यातली युक्ती तुम्हाला लगेच कळेल. पुढारी आणि मुल्ला-महंत यांना बोलावून चहा-बिस्किटाच्या शांतता बैठका पूर्वीपण व्हायच्या, दंगल झाल्यावर. इथे गल्लीतली साधी माणसं, दोन्हीकडची सारखी, आणि बैठकीला साहेब नाही तर बीटचा पोलीसच. विषय कसले, तर गटार, नळाचं पाणी, कुणाचा मुलगा कुणाशी मारामारी करतो. वर्षानुवर्षं गटारावर भांडलेल्या माणसांकडे ६ डिसेंबरच्या रात्री एकमेकांची तोंडओळख होती आणि हवालदाराला नावं पाठ होती. मुंबईत मोहल्ला कमिट्या आल्या त्या दंगलीनंतर, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने. काही वस्त्यांत चांगल्या चालल्या. काही ठिकाणी आता फक्त गणपती आणि ईदच्या आधी फोटोपुरत्या बसतात, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलं असेल.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ च्या दंगलींचा अभ्यास केला त्यातही हेच निघालं: हिंदू-मुसलमान दंगलीत गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे फक्त आठ शहरांतले (मुंबई त्यात आहे), आणि जिथे व्यापारी संघटना, युनियन, क्लब दोन्ही समाजांचे मिळून असतात तिथे दंगल टिकत नाही. मुंबईत अशी मोठी जागा गिरणी आणि तिची युनियन होती. ती गेल्यावर तिच्या जागेवर टॉवर आले.

प्रश्न: माझे मामा जानेवारी ९३ पासून बेपत्ता. मामी अजून आहेत. आता काही मिळू शकतं का?
– नाव छापू नये, कुर्ला

हो, आणि उशीर करू नका. दंगलीत बेपत्ता झालेल्यांची संख्या सरकारी नोंदीत १६८ होती, त्यातल्या ६० जणांच्याच घरच्यांना भरपाई मिळाली. ४ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने उरलेल्या १०८ जणांच्या वारसांना शोधून २ लाख रुपये आणि २२ जानेवारी १९९९ पासून वर्षाला ९ टक्के व्याज द्यायला सांगितलंय. मामांचं नाव त्या यादीत आहे का हे आधी बघा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो, मामींना घेऊन जा, त्या वेळची पोलिसांकडची तक्रार, रेशन कार्ड, जे असेल ते न्या. पोलिसांची पोचपावती नसली तरी जा.

प्रश्न: बंदच्या दिवशी दगडाने गाडीची काच फुटली. इन्शुरन्सवाला म्हणतो दंगल कव्हर नाही. खरं का?
– एक वाचक, घाटकोपर

पॉलिसी काढून बघा. फक्त थर्ड पार्टी असेल तर तो खरं बोलतोय. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर दंगल आणि संपातलं नुकसान त्यात धरलेलं असतं, तसं लेखी विचारा, तोंडी नको. काच बदलायच्या आधी फोटो काढा, पोलीस ठाण्यात तक्रार द्या, कंपनीला लगेच कळवा. आणि नुसती एक काच असेल तर आधी नो क्लेम बोनस किती जातो ते मोजा, कधी कधी खिशातून भरलेलंच स्वस्त पडतं.