पब्लिकची शाळा, मग पैसा कशाला?

प्रश्न : आमच्या गावाजवळ हायवेला नवीन पब्लिक स्कूल झालीये. मोठ्याला सहावीत टाकायचं म्हणून चौकशीला गेलो तर फी ऐकून यंदाचा सगळा कापूस डोळ्यासमोर आला. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणतात, "पब्लिकनी शाळा शे, मंग इतला पैसा कसाले?" मला काही सांगताच आलं नाही. हे नाव आलं कुठून? धाकटा पुढच्या वर्षी पहिलीत जाईल, त्याचं पण टेन्शन आहेच.
– एक वाचक, पारोळा

उत्तर : ताई, सासूबाईंचा प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे ह्या शाळांची सुरुवात बघितली तर त्यांचंच म्हणणं खरं निघतं.

नाव इंग्लंडचं. तिकडे श्रीमंताघरी मास्तर येऊन शिकवायचा, ते झालं प्रायव्हेट. आणि कुठल्याही गावचा मुलगा येऊन शिकू शकेल ती शाळा पब्लिक, एवढाच त्याचा अर्थ, सरकारी असा नाही. सगळ्यात गाजलेली ईटन, मुलग्यांची शाळा, आजही तिथे मुली नाहीत. सहाव्या हेन्री राजाने १४४० मध्ये काढली ती ७० गरीब मुलांना फुकट शिकवायला. पैसे भरणारी मुलं गावात भाड्याने राहून वर्गात यायची, म्हणजे ती बाहेरची. पुढे ह्याच बाहेरच्यांची संख्या वाढत गेली आणि शाळा त्यांचीच झाली, ब्रिटनचे २० पंतप्रधान एकट्या ईटनमधून निघालेत. आणि ती ७० मुलं? त्यांना लाँग चेंबर नावाच्या एका लांबलचक खोलीत रात्री कोंडून बाहेरून कुलूप लावायचे, आत उंदीर, थंडी, आणि लहानांना मोठ्यांचा मार. १८४० च्या दशकात नवीन इमारत झाली तेव्हा कुठे त्यांचे हाल कमी झाले. त्या ७० जागा आजही आहेत, पण शाळेची फी आता वर्षाला ५०,००० पौंडांच्या वर आहे.

इंग्लंडचीच दुसरी पब्लिक स्कूल हॅरो, तिची गोष्ट तर मला जास्त लागते, कारण ती शाळा एका शेतकऱ्याची. जॉन लायन त्याचं नाव, १५७२ मध्ये राणी एलिझाबेथची सनद घेऊन त्याने आपल्या गावच्या पोरांसाठी फुकट शाळा काढली, खर्चाला स्वतःची जमीन दिली. बाहेरगावची मुलं फी घेऊन घ्यायची सवलत मास्तरला होती, तिथूनच सगळं फिरलं. सरदारांची, लॉर्डांची मुलं आली (आपले पंडित नेहरूही १९०५ ते १९०७ तिथलेच विद्यार्थी), आणि शेवटी १८७६ मध्ये गावच्या पोरांसाठी वेगळी, खालची शाळा काढावी लागली. ज्याने जमीन दिली त्याच्याच गावची पोरं बाहेर! मला हे वाचून खूप वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

आपल्याकडे हाच नमुना देहरादूनला आला, १९३५ ची दून स्कूल. कल्पना कलकत्त्याचे वकील एस. आर. दास ह्यांची पण ते १९२८ मध्येच गेले, आणि पहिले हेडमास्तर आर्थर फूट थेट ईटनमध्ये शिकवून आलेले. तिथून पुढे पब्लिक स्कूल म्हणजे भारी शाळा हे डोक्यात बसलं आणि आता तालुक्या तालुक्याला बोर्ड लागलेत.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडच्या त्या शाळांत लहान मुलांनी मोठ्यांचे बूट पुसायचे, त्यांना पाव भाजून द्यायचा, ह्याला फॅगिंग म्हणायचे आणि ते विसाव्या शतकापर्यंत चाललं. आणि तुमच्या शेजारच्या अमळनेरात, प्रताप हायस्कूलला १९२४ पासून साने गुरुजी शिकवत होते, वसतिगृहही त्यांच्याकडेच, तर मुलं शाळेत गेली की गुरुजी स्वतः त्यांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणाच्या घड्या घालून ठेवायचे. वसतिगृहात मी पण दिवस काढलेत, घरापासून लांब असलेल्या पोराला घडी घातलेलं अंथरूण दिसणं काय असतं ते मला माहितीये. मोठ्यासाठी शाळा बघाल तेव्हा इमारत नंतर बघा, आधी होस्टेलचे रेक्टर कोण आहेत आणि रात्री पोरांजवळ कोण असतं ते विचारा.

धाकट्याचं टेन्शन थोडं कमी करतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळेलाही सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना फुकट द्याव्या लागतात, फक्त अल्पसंख्याक संस्थांना सूट आहे. मोठ्याला सहावीत ह्याचा उपयोग नाही, पण धाकट्यासाठी उत्पन्नाचा दाखला आत्तापासूनच काढून ठेवा, फॉर्म ऑनलाइन असतो आणि नंबर सोडतीत लागतो.