जर्मन फुटबॉलर मायकल बालाकला सगळे 'अनलकी' का म्हणतात? एवढा मोठा प्लेयर होता ना?

मोठा होताच, पण ऐन फायनलला नशीब रुसायचं राव. २००० मध्ये जर्मन लीगच्या शेवटच्या मॅचला त्याच्या क्लबला, लेव्हरकुसेनला, चॅम्पियन व्हायला फक्त ड्रॉ हवा होता, समोर उंटरहाकिंगसारखी छोटी टीम, आणि ह्याने स्वतःच्याच गोलमध्ये बॉल मारला, झालं, लीग बायर्न म्युनिकच्या घशात. मग २००२, ते तर विचारूच नका, लीग एका पॉइंटने गेली, जर्मन कपची फायनल हरले, चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) फायनलला रियल माद्रिदच्या झिदानने तो डाव्या पायाचा व्हॉली मारला आणि तीही गेली.

त्याच वर्षी वर्ल्ड कप सेमीफायनल, जर्मनीसमोर दक्षिण कोरिया, त्यांचा प्लेयर सुटला म्हणून ह्याने मुद्दाम फाऊल केला, स्पर्धेतलं दुसरं यलो कार्ड, म्हणजे फायनल खेळायची नाही हे माहीत असूनही चारच मिनिटांत ७५व्या मिनिटाला ह्यानेच गोल टाकला. पहिला शॉट कीपरने अडवला, रिबाऊंड डाव्या पायाने आत. माझ्यासाठी बालाक म्हणजे ती चार मिनिटं.

२००८ ला परत तेच, चेल्सीकडून चॅम्पियन्स लीग फायनल पेनल्टीवर गेली आणि सव्वा महिन्यात जर्मनीकडून युरो कपची फायनल स्पेनविरुद्ध हरला. २०१० वर्ल्ड कपच्या तोंडावर इंग्लंडच्या एफए कपच्या फायनलमध्ये घोटा दुखावला आणि वर्ल्ड कपच हुकला.

बाकी रिकाम्या हाताने नाही गेला हां, कैझर्सलाउटर्नसोबत एक लीग, बायर्नसोबत तीन, चेल्सीसोबत प्रीमियर लीग, जर्मनीसाठी ९८ मॅचमध्ये ४२ गोल, तेही मिडफिल्डर असून. आणि शंभरी दोन मॅचनी हुकली, ते पण त्याच्याच बाबतीत व्हायचं!