लोन्सडेलचा स्वेटशर्ट आणि शाळेतून आलेला फोन

"ताई, आमचा मुलगा त्या नाझी पोरांच्या नादाला लागलाय का हो?" मी ऑनलाइन समुपदेशन करते आणि जर्मनीत राहणाऱ्या मराठी आईवडिलांकडून हा प्रश्न मला आता बऱ्याचदा येतो. सुरुवात जवळजवळ नेहमी कपड्यांवरूनच होते, हूडीवर काय लिहिलंय, बूट कसले आणलेत, केस एकदम एवढे बारीक का केले. अशीच एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

जर्मनीच्या ब्रांडेनबर्ग राज्यातलं एक छोटं शहर, आईवडील दोघंही आयटीत, पुण्याकडचे, मुलगा १५ वर्षांचा. शाळेतून फोन आला की तो लोन्सडेलचा स्वेटशर्ट घालून येतो, आमच्या शाळेत हे चालत नाही, येऊन भेटा. आईने त्या रात्री जे काही सर्च केलं ते वाचून तिची झोपच उडाली. मला म्हणाली, अहो आम्ही सावळी माणसं, आमच्या पोराला असले कपडे कशाला हवेत, उद्या हीच पोरं त्याला मारतील. बाबांचं म्हणणं साधं होतं, शर्ट कचऱ्यात टाका, विषय संपला.

आता शर्टाचं काय ते नीट समजून घ्या, कारण यात खूप गोंधळ होतो. लोन्सडेल ही मूळची लंडनची, बॉक्सिंगवाली कंपनी, नाझींशी तिचा काही संबंध नाही. पण वरून जाकीट घालून चेन अर्धी उघडी ठेवली की छातीवर फक्त एनएसडीए एवढीच अक्षरं दिसतात, आणि पुढे एक पी लावला की ते हिटलरच्या पक्षाचं नाव होतं, म्हणून तिथल्या नवनाझी पोरांनी तो ब्रँड उचलला. कंपनीला हे अजिबात आवडलं नाही, त्यांनी असल्या दुकानांना माल देणं बंद केलं आणि २००३ च्या सुमारास आम्हाला सगळे रंग आवडतात अशी मोहीमही काढली. थोर श्टाइनार या नवनाझींमध्ये चालणाऱ्या कपड्यांच्या ब्रँडची गोष्ट वेगळी, तो २००२ मध्ये ब्रांडेनबर्गमध्येच निघाला, पहिला लोगो रून म्हणजे नाझीही वापरायचे त्या प्राचीन जर्मानिक अक्षरांचा होता, त्यावरून कोर्टकचेरी झाली, आणि आजही जर्मन संसदेत किंवा बऱ्याच फुटबॉल स्टेडियममध्ये तो घालून आत जाता येत नाही. म्हणजे सगळ्या ब्रँडना एकाच मापाने मोजू नका. नेदरलँड्समध्ये तर अशा मुलांना सरसकट 'लोन्सडेल पोरं' म्हणायला लागले होते, शाळांनी बंदी घातली, आणि २००५ मध्ये तिथल्या गुप्तचर खात्यानेच अहवाल काढून सांगितलं की यातल्या बहुतेकांच्या मागे पक्की विचारधारा वगैरे नाही. पण बहुतेक म्हणजे सगळे नाही, २००४ मध्ये तिथे पोरांनी एक मुस्लिम प्राथमिक शाळा पेटवून दिली होती, त्यामुळे निर्धास्तही राहता येत नाही.

पहिल्या सेशनमध्ये माझी चूक झाली. हे सगळं मी त्या मुलाला सांगत बसले, वीस मिनिटं. तो म्हणाला, "हो, माहितीये मला," आणि कॅमेरा बंद केला. शाळेने तेच केलं, बाबांनी तेच केलं, आणि मीही तेच केलं, सगळे शर्टाशीच बोलत होतो.

पुढच्या वेळी मी शर्टाचं नावच काढलं नाही. विचारलं, मित्र तुला काय हाक मारतात? बराच वेळ गप्प. मग हळूहळू बाहेर आलं. दिवाळीत वर्गातले दोघं घरी आले होते, दारावर आईने कुंकवाने स्वस्तिक काढलं होतं, त्यांनी फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवसापासून "तू तर आमच्यातलाच" असं सुरू झालं. आधी या मुलाला कोणी ग्रुपमध्ये घेत नव्हतं, आता घेतलं. व्हॉट्सअॅपवर हिटलरचे स्टिकर, नावापुढे ८८, म्हणजे एच हे आठवं अक्षर, दोनदा एच, हाइल हिटलर. मधूनच त्याच्या रंगावरही जोक. तो सगळ्याला हसायचा. शर्ट नंतर आला, त्याच ग्रुपमधल्या एकाने दिलेला.

मी विचारलं, हसला नसतास तर? "तर मी परत एकटा."

माझ्या मते इथे सगळी केस उलटी झाली. आई घाबरली होती की मुलाच्या मनात द्वेष शिरलाय, आणि मुलगा रोज स्वतःचाच अपमान गिळून मैत्रीची किंमत मोजत होता. शर्ट फेकला असता तर त्याने दुसरा मित्राकडे ठेवला असता आणि आपल्याला काहीच कळलं नसतं.

म्हणून लाड करायचे असं अजिबात नाही हं. स्टिकरबद्दल मी त्याला स्पष्ट सांगितलं, जर्मनीत ८६अ कलमाखाली हाकेनक्रॉइत्स, म्हणजे नाझींचं स्वस्तिक, किंवा असली चिन्हं पसरवणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे, आणि १४ पूर्ण झाले की तुझ्यावर केस होऊ शकते, गंमत होती म्हणून सुटका नाही. पालकांनाही सांगते, स्क्रीनशॉट पालकांच्या ग्रुपवर टाकू नका, शाळेत प्रत्यक्ष जाऊन फोनवर दाखवा. आणि जर्मनीच्या प्रत्येक राज्यात 'मोबिले बेराटुंग' म्हणून उजव्या अतिरेकाविरुद्ध सल्ला देणारी टीम असते, फुकट आणि गुप्त, आपली लोकं लाजेपायी तिथे जातच नाहीत. ही आई गेली. त्यांनी शाळेशी बोलून पूर्ण वर्गाचं सत्र घेतलं, याच्या एकट्यावर बोट न ठेवता.

ग्रुप त्याने दीड महिन्याने सोडला, आम्ही घाई केली नाही. तोवर शनिवारी बॉक्सिंग क्लास लावला होता, तिथे दोन मित्र झाले, एक सीरियाचा, एक तिथलाच. जुन्या ग्रुपमधला एकजण अजून बोलतो, बाकीचे नाही, आणि त्याचं त्याला वाईट वाटतं, ते वाटणारच. स्वेटशर्ट तो आता क्लासला घालून जातो, बाबा काही बोलत नाहीत.

यंदा दिवाळीच्या आधी आईने त्यालाच विचारलं, दारावर स्वस्तिक काढू का रे? म्हणाला काढ, पण आतल्या बाजूने. ऐकून मला गलबलून आलं. तिने आतल्या बाजूने काढलं.