सीसाइडला पहिल्यांदा जाताय? आधी घर बघा

अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत जाणाऱ्या ३०-ए रस्त्यावरच्या सीसाइड गावी जायचं ठरवलंत, छान केलंत. फक्त मार्चमधली स्प्रिंग ब्रेकची, म्हणजे शाळा-कॉलेजांच्या वसंत सुटीची गर्दी टाळा. शांतता हवी तर ऑक्टोबर गाठा, पाणी तेव्हाही कोमट असतं. चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो, म्हणून बुकिंग रद्द करण्याच्या अटी नीट वाचा.

सीसाइड १९८१ पासून मुद्दाम पायी फिरण्यासाठी आखलेलं गाव. लाकडी घरं, पांढरी कुंपणं, मधोमध चौक. त्यामुळे भाड्याचं घर समुद्रासमोरच हवं हा हट्ट सोडा. दोन गल्ल्या मागे भाडं कमी, आणि किनारा तरीही पाच-सात मिनिटांवर. मात्र घरासोबत किनाऱ्यावर जायची वाट मिळते का, हे विचाराच. इथे बराच किनारा खासगी आहे.

जेवणाचं म्हणाल तर रात्री सातला बाहेर पडलात की ताटकळणं आलंच. आम्ही साडेपाचलाच जेवतो, मग सूर्यास्त निवांत. मासे खाणाऱ्यांनी ग्रूपर मासा आणि इथल्या मेक्सिकोच्या आखातातली कोळंबी सोडू नये. शाकाहारी असाल तर दुपारी चौकाजवळच्या चंदेरी एअरस्ट्रीम गाड्यांवर (कॅरॅव्हॅनमधले खाण्याचे स्टॉल) ग्रिल्ड चीज सँडविच मिळतं, पण रोज तेच किती खाणार! भाड्याच्या घरात स्वयंपाकघर असतं, तेव्हा छोटा कुकर, पोहे आणि गोडा मसाला बरोबर घ्याच.

गाडी लावून ठेवा, सायकली घ्या. आणि किनाऱ्यावर दोन लाल झेंडे दिसले तर पाण्यात पाऊलही टाकू नका, दंड होतो.