आयटीआय सोडून 'क्लायमेट' डिप्लोमा?

ताई, नमस्कार.

मुलगा आयटीआयत वीजतंत्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ते अर्धवट सोडून दीड लाख फीचा 'क्लायमेट करिअर' डिप्लोमा करायचा हट्ट धरून बसलाय, पैसे भरू का, असं तुम्ही विचारलंय.

नका भरू. आधी आयटीआय पुरं होऊ दे.

शहरांमध्ये आता हेच काम निघणार, असं तो म्हणतो ते काही खोटं नाही. मुंबईने 2022 मध्येच वातावरण कृती आराखडा जाहीर केला. पुण्यात पीएमपीच्या ई-बस 2019 पासून धावताहेत. घराच्या छतावर 3 किलोवॉटचं सोलर बसवलं की केंद्राच्या सूर्यघर योजनेतून 78 हजार रुपये अनुदान मिळतं. पण यातल्या बहुतेक जागांवर 'क्लायमेट' अशी पाटी नसते. माणूस घेतात तो वीजतंत्री, तारतंत्री नाहीतर फिटर म्हणून.

सोलरचंच बघा. पॅनेल गच्चीवर चढवायला कोणीही मिळतं. पण पॅनेलकडून इन्व्हर्टरकडे येते ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. कनेक्टर वायरीवर नीट दाबून बसवला (क्रिंप झाला) नसेल तर तो तापत राहतो, आणि डीसीची ठिणगी एकदा धरली की घरातल्या एसी विजेसारखी चटकन विझत नाही. वायर जळत जाते. एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलचं, म्हणजे स्ट्रिंगचं व्होल्टेज मोजून, अर्थिंग तपासून मगच स्विच टाकणारा पोरगा ठेकेदार सहसा सोडत नाही. हा हात नोट्स वाचून बसत नाही. (त्यातून दीड लाखाच्या नोट्स!)

दुसरी बाजूही त्याला सांगा. सोलर बसवायचं काम साइटपुरतं असतं, पावसाळ्यात मंदावतं. ई-बस बऱ्याचदा ठेकेदार कंपनीच्या असतात, परिवहन संस्था किलोमीटरमागे पैसे देते. त्यामुळे डेपोतली नोकरी कंपनीची, तीही कंत्राटी असू शकते. सरकारी नोकरी समजून जाऊ नये.

आयटीआय झालं की महावितरणमध्ये किंवा एखाद्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करू दे, तारतंत्री परवान्याचं बघू दे. सोलरची गोडी टिकली तर सूर्यमित्र या सोलरच्या सरकारी प्रशिक्षणाची चौकशी करा. पुढे शिकायचंच असेल, तर आयटीआयवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

तरीही तो ऐकत नसेल, तर त्या संस्थेकडे मागच्या बॅचमधल्या चार-पाच मुलांचे नंबर मागा. फोन त्यालाच करू दे, आणि पहिला प्रश्न पगाराचा.