समोर कोणीच नसताना दिलेली मुलाखत

‘मशीनने नाकारलं, म्हणजे खोट माझ्यातच असणार.’ मोबाइलवर सॉफ्टवेअरने घेतलेल्या मुलाखतीत नकार मिळाला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींकडून हे मी वारंवार ऐकते. माणसाने नाकारलं तर निदान त्याच्यावर रागावता येतं. इथे तो राग स्वतःवरच उलटतो.

मालवणजवळची एक २३ वर्षांची मुलगी अशीच आली होती (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत). हॉटेल मॅनेजमेंटची पदविका झालेली, शिवाय तारकर्लीला मामांच्या होमस्टेमध्ये पाहुण्यांचं सगळं तीच बघायची. परदेशी हॉटेलसाठी तिने मोबाइलवर मुलाखत दिली. पडद्यावर प्रश्न उमटायचा, थोडा वेळ मिळायचा, की लगेच रेकॉर्डिंग सुरू. नकाराचा ईमेल त्याच रात्री आला.

“मॅडम, समोर कोणच नाय, मग बोलू कोणाक?” एवढं बोलून ती रडायला लागली. नोकरी गेल्यापेक्षा आपलं कोणी ऐकलंच नाही, हे तिला जास्त लागलं होतं. आणि ते लागणं अगदी रास्त आहे. वेगवेगळ्या देशांतल्या उमेदवारांवर झालेल्या अभ्यासांत लोकांना प्रत्यक्ष मुलाखत आणि काम करून दाखवण्याची संधी याच पद्धती सर्वांत न्याय्य वाटल्या आहेत.

मी तिला विचारलं, “तुला नक्की काय कळलंय?” नकार आला, एवढंच. इंग्रजी वाईट, चेहरा बावळट, गावचं वळण, हे सगळं तिने स्वतः त्यात भरलं होतं. मग मी तिला काही गोष्टी सांगितल्या. अ‍ॅमेझॉनने अर्ज चाळणारं स्वतःचं सॉफ्टवेअर बंद केलं होतं, कारण ते बायकांचे अर्ज मागे टाकत होतं. ही बातमी २०१८ची. उमेदवारांच्या चेहऱ्याचं विश्लेषण थांबवल्याचं अशा व्हिडिओ मुलाखतींचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या हायरव्ह्यू कंपनीने २०२१मध्ये जाहीर केलं. बोलणं ऐकून ते लिहून काढणाऱ्या, पाच बड्या कंपन्यांच्या प्रणाली २०२०मध्ये अमेरिकेत तपासल्या, तर गोऱ्यांच्या १०० शब्दांमागे सरासरी १९ आणि कृष्णवर्णीयांच्या ३५ चुका निघाल्या. तिच्या मुलाखतीत यातलं काही घडलं का, ते मला ठाऊक नाही. पण यंत्राचा निकाल म्हणजे तिची लायकी नव्हे, हे तिला पटलं.

तरी सगळं यंत्रावर ढकलू नये, असं माझं ठाम मत आहे. तिची उत्तरं आम्ही परत बोलून पाहिली. पूर आलेल्या दिवशी अडकलेल्या पाहुण्यांची सोय तिने एकटीने लावली होती. सांगताना मात्र श्रेय मामांना. नजरही खाली. मोठ्यांसमोर असं बोलणं हे आपल्याकडचं चांगलं वळण. समोर माणूस असता तर त्याने विचारलं असतं, “मग तू काय केलंस?” कॅमेरा पुढचा प्रश्न विचारत नाही, म्हणून तो भाग आपणच आधी सांगायचा. मामींना फोनच्या मागे बसवून तिने सराव केला.

कायदाही हळूहळू जागा होतोय. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३पासून नोकरभरतीतल्या अशा सॉफ्टवेअरची पक्षपात-तपासणी आणि उमेदवाराला पूर्वसूचना बंधनकारक आहे. आपल्या मुलांना तो हक्क आपोआप मिळत नाही, पण विचारायला कोणाची बंदी नाही. पुढच्या अर्जाआधी तिने कंपनीला सरळ ईमेल केला: माझी उत्तरं माणूस पाहणार का? पहिली चाळणी सॉफ्टवेअरची, निवड माणसांची, असं उत्तर आलं. मग तिने अर्ज भरला. निकाल अजून यायचा आहे.