क्रूस उचलायला दुसरा खांदा चालतो का?

ताई, आम्ही वसईच्या पाचूबंदरचे. माझे मालक बोटीवर तांडेल होते. पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हापासून अंथरुणाला आहेत, बोलणंही गेलं. सगळं मी एकटीच करते. पाठीला जखम होऊ दिली नाही. पण परवा रात्री पेजेची वाटी मी आदळली आणि ते रडायला लागले. रात्री तोंडातून निघतं, 'देवा, आता पुरे.' बहीण म्हणते, दिवसा बाई ठेव. नणंद म्हणते, 'हा तुझा क्रूस, दुसऱ्याच्या गळ्यात घालू नकोस. आपल्या संत गोन्सालोने तक्रार केली होती का?' रविवारची मिस्साही, चर्चमधली उपासना, चुकते. मी देवाशी बेइमान झाले का?

बाय, नाही झालीस. अंथरुणावरच्या माणसाच्या पाठीला जखम होत नाही, ती रात्री उठून उठून कूस बदलणारं कुणी असतं म्हणून. इमान आणखी कशाला म्हणायचं?

नणंदेनं आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांचं नाव काढलंय, म्हणून सांगते. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमधल्या नागासाकीत त्यांना क्रुसावर दिलं, तेव्हा त्यांच्यासोबत आणखी पंचवीस जण होते. आणि तो क्रूस छळणाऱ्यांनी लादला होता, घरच्यांनी नाही.

चर्चमधल्या क्रुसाच्या वाटेचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीच्या चित्रांतलं, पाचवं स्थान आठव. तपःकाळात, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, आपण त्यापुढे गुडघे टेकतो. शेतावरून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला शिपायांनी धरलं आणि येशूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. 'माझा आहे, मीच वाहीन' असं म्हणून येशूनं तो परत ओढून घेतला, असं कुठल्याच शुभवर्तमानात नाही. मग तुला कुणी मदत घ्यायला मनाई करावी? बाई ठेव. रोजची परवडत नसेल तर नणंदेलाच सांग, आठवड्यातून दोन संध्याकाळी येऊन भावाला भरवून जा म्हणावं.

मिस्सेचं मनावर घेऊ नकोस. आजाऱ्याला सोडून निघता येत नसेल तर ते पाप नाही, चर्चचीच तशी शिकवण आहे. फादरांना फोन कर, कम्युनियन, मिस्सेतला पवित्र प्रसाद, घरी आणतील, तुम्हा दोघांसाठी. रुग्णाभ्यंगाचंही, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावतात त्या संस्काराचंही, विचार. तो संस्कार शेवटच्या घटकेसाठीच राखून ठेवायचा, हा आपल्याकडचा गैरसमज आहे.

वाटीचं मात्र तसंच सोडू नकोस. बोलणं गेलं म्हणजे समज गेली असं नसतं. झटक्यानंतर कित्येकांना सगळं कळतं, फक्त शब्द सापडत नाहीत. जवळ बस, हात धर आणि सांग, 'चुकले, फार थकले होते.'

'आता पुरे' असं एलीया संदेष्टाही म्हणाला होता, मरण मागितलं होतं त्यानं. दूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बाई कामाला येईल त्या दिवशी धुणं काढत बसू नकोस, झोप. आणि झोप होऊनही ते 'पुरे' मनातून जाईना, तर मालकांना तपासायला डॉक्टर येतील तेव्हा त्यांना तुझंही सांग.